कोयता कुठल्या चौकोनात बसतो

ए-थ्री कागदावर छापलेलं चित्र मी टेबलावर पसरलं, तेव्हा त्याची चार टोकं दाबून धरायला दोन पेपरवेट, एक स्टेपलर आणि गट अधिकाऱ्यांच्या चष्म्याचं घर लागलं. साखर कारखान्यासाठी मी करत असलेल्या प्रोग्रामच्या आराखड्याचं ते चित्र. त्यात पंचवीसेक चौकोन होते. शेतकरी, प्लॉट, ऊस नोंद, लागण हंगाम, तोडणी चिठ्ठी, मुकादम, गाडी, वजन पावती, बिल. चौकोनांमधून रेघा, रेघांच्या टोकांना एक, शून्य ते एक, तारा म्हणजे कितीही. हे सगळं काढायला मला जवळजवळ दोन आठवडे लागले होते. गट अधिकारी पंचावन्नच्या पुढचे. कारखान्यात चिटबॉय, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा, म्हणून लागले आणि चढत चढत इथवर आलेले. मी त्यांना काका म्हणायचे. ते बराच वेळ कागदावर वाकून बघत राहिले, बोटानं दोन-तीन रेघांवरून फिरले, आणि म्हणाले, "चांगलं झालंय मॅडम. बरोबर आहे सगळं."

मी खूश होऊन पुण्याला परतले.

महिनाभरानं उचलीचा हिशेब जुळेना. तोडणीच्या हंगामाआधी मुकादमाला, म्हणजे तोडणी मजुरांची टोळी आणणाऱ्याला, कारखान्याकडून जी आगाऊ रक्कम मिळते ती उचल, आणि हंगामभराच्या बिलातून ती वळती होते. माझ्या प्रोग्रामचा आकडा आणि खात्यातला आकडा यांत मेळ नव्हता. मी पुन्हा कारखान्यावर गेले. काकांच्या टेबलावर जुन्या वजन पावत्यांचा एक गठ्ठा होता, पाठकोऱ्या. मी एकेका पावतीच्या मागे एकेक नाव लिहीत गेले, मुकादम, करार, उचल, कोयता, आणि टेबलावर मांडत गेले. काकांनी 'कोयता' लिहिलेली पावती उचलली.

"ह्यात काय धरलंय तुम्ही?"

"आकडा. मुकादमाकडे किती कोयते आहेत त्याचा."

"आणि माणसं?"

"तीच की. दहा कोयते म्हणजे दहा माणसं."

काका थांबले. मग माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि त्या पावतीवर 'कोयता' शब्दाखाली दोन आडव्या ओळी आखल्या. "मॅडम, कोयता म्हंजे जोडी. नवरा-बायको. दहा कोयते म्हंजे वीस माणसं. एकटाच आला तर अर्धा कोयता."

मी ऊस पिकवणाऱ्या घरात वाढले आहे. आमच्या शेतात दर वर्षी टोळी यायची. बाई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, नवरा तोडतो, लहान पोर पाचटावर बसलेलं असतं, हे मी शेकडो वेळा पाहिलेलं. एक कोयता म्हणजे जोडी हे मला माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही. तरीही मी त्या जोडीचा एक पूर्णांक करून टाकला होता, आणि त्या पूर्णांकात एक बाई दिसेनाशी झाली होती. काकांना मी विचारलं, मागच्या वेळी चित्र दाखवलं तेव्हा का नाही बोललात? ते सहज म्हणाले, "छापलेलं होतं नव्हं. मला वाटलं, झालंय."

तेव्हापासून मी एडिटरकडे, म्हणजे अशी चित्रं ज्यात काढते त्या सॉफ्टवेअरकडे, वेगळ्या नजरेनं बघायला लागले. माझं काम डोमेन मॉडेल करायचं. एखाद्या धंद्यातली माणसं ज्या गोष्टींबद्दल दिवसभर बोलतात त्या गोष्टी, त्यांची नावं, त्यांची एकमेकांशी असलेली नाती आणि त्यांचे नियम नीट मांडायचे, म्हणजे पुढे त्यावर उभं राहणारं सॉफ्टवेअर त्या माणसांच्या भाषेत चालतं. एरिक इव्हान्स यांनी २००३ मध्ये हा आग्रह ठामपणे धरला की प्रोग्रामर आणि धंद्यातले जाणकार यांची भाषा एकच हवी आणि तीच कोडमध्ये दिसायला हवी. मला तो तेव्हाही पटला होता. पण ही भाषा मी कशात लिहिते, कुठल्या खिडकीत, किती क्लिकांनी, याचा त्या भाषेवर परिणाम होत असेल असं वाटलं नव्हतं.

कोयता आकडा का झाला, हे शोधायला मी मागे गेले आणि उत्तर फार साधं निघालं. ज्या मोठ्या मॉडेलिंग टूलमध्ये मी ते चित्र काढत होते, त्यात मुकादमाच्या चौकोनात एक ओळ वाढवणं म्हणजे दोन सेकंदांचं काम. नवा चौकोन काढायचा तर त्याला जागा हवी. शेजारचे चार चौकोन सरकवा, रेघा पुन्हा सरळ करा, एकमेकींवरून जाणाऱ्या दोन रेघा सोडवा, पान मोठं झालं तर छपाईचा विचार करा. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी ओळ वाढवली.

यानंतर काही महिने, संध्याकाळी वेळ मिळेल तसं, मी तेच मॉडेल निरनिराळ्या एडिटरमध्ये पुन्हा पुन्हा केलं. पूर्ण नाही, तोडणी-वाहतुकीचा एक तुकडा. आणि प्रत्येक ठिकाणी तेच तीन बदल करून पाहिले. कोयता आकड्यातून काढून स्वतंत्र गोष्ट करायची, तिच्यात दोन कामगार. सभासद आणि बिगरसभासद या शेतकऱ्याच्या दोन जाती न मानता शेतकऱ्याचं कारखान्याशी असलेलं नातं मानायचं. आणि तिसरा, 'गाडी' फोडून तिच्यातून 'खेप' वेगळी काढायची. याबद्दल पुढे सांगते, कारण त्याच बदलानं मला सगळ्यात जास्त शिकवलं.

माझ्या नोकरीची सुरुवात रॅशनल रोजवर झाली. बूच, रम्बॉ आणि याकोबसन या तिघांनी आपापल्या पद्धती एकत्र करून यूएमएल ही अशा चित्रांची भाषा घडवली, १९९७ मध्ये ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ती मानक म्हणून स्वीकारली, आणि रोज हे त्यांच्याच कंपनीचं टूल. रोजमध्ये डिलीट दाबलं की चौकोन फक्त चित्रातून जायचा. मॉडेलमधून घालवायचा तर कंट्रोल-डी. नव्या पोरांना हे कोणी सांगायचं नाही, आणि सहा महिन्यांनी मॉडेलच्या झाडात कुठल्याच चित्रात नसलेली तीस-चाळीस नावं पडलेली सापडायची. आज मी वापरते त्या एंटरप्राइझ आर्किटेक्टमध्येही हा भेद आहे, फक्त तिथे कंट्रोल-डिलीट. मला हा भेद चुकीचा वाटत नाही, तो मोलाचाच आहे. एकच 'शेतकरी' दहा चित्रांत दिसतो आणि त्याचं नाव एका जागी बदललं की दहाही ठिकाणी बदलतं, ही ताकद त्या भेदातूनच येते. साध्या चित्र काढायच्या टूलमध्ये, ड्रॉ डॉट आयओसारख्या, ती नाही. तिथे दोन पानांवरचे दोन 'शेतकरी' एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. एकाचं नाव बदला, दुसरा तसाच राहतो. पण तिथे चौकोन सरकवताना हात मोकळा असतो, आणि कारखान्यातला कोणीही पाच मिनिटांत ते चालवायला शिकतो. एका चिटबॉयनं माझ्या देखत तिथे ट्रॅक्टरचं चित्र आणून चिकटवलं होतं.

एक्लिप्सच्या ईकोअर एडिटरचा अनुभव अगदी वेगळा. तिथे मूळ रूपात चित्रच नाही, झाड आहे. उजवं क्लिक, नवीन अपत्य, ईक्लास, म्हणजे चौकोनाच्या जागची एक गोष्ट. पुन्हा उजवं क्लिक, ईरेफरन्स, म्हणजे रेघेच्या जागचं नातं. खाली गुणधर्मांच्या तक्त्यात त्याचा प्रकार निवडायचा, वरची मर्यादा भरायची. 'अनेक' म्हणायचं असेल तर तिथे उणे एक लिहायचं. प्रोग्रामरला यात काही खटकत नाही. पण मुकादमाकडे उणे एक कोयते आहेत हे वाक्य मी काकांसमोर कुठल्या तोंडानं वाचणार होते? तरी त्या झाडाचा एक गुण मान्य करायला हवा. एखादं नातं कुठेच जोडलेलं नसेल, प्रकार रिकामा असेल, तर तपासणीचा पर्याय निवडला की ते लगेच दाखवून देतं. कोयता स्वतंत्र करणं तिथे खूप स्वस्त होतं, कारण जागा लागतच नाही. झाडात एक ओळ वाढते. फक्त कोयत्याकडून कामगाराकडे जाणारं नातं झाडात डोळ्यांना दिसत नाही. ते त्या ओळीवर जाऊन गुणधर्मांत वाचावं लागतं. जे आत आहे ते दिसतं आणि जे आडवं जोडलेलं आहे ते लपतं. मॉडेलमध्ये बहुतेक भांडणं आडव्या नात्यांवरून होतात.

मग मजकुराचे एडिटर. २००९ मध्ये आलेलं प्लँटयूएमएल आणि २०१४ मधलं मर्मेड. नोटपॅडमध्येही लिहिता येतं. दोन नावं, मधे दोन आडव्या रेघा, की झालं नातं. कोयता स्वतंत्र करायला मला तीन ओळी लागल्या आणि दुसऱ्या दिवशी गिटमध्ये, म्हणजे फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या टूलमध्ये, बघणाऱ्या सहकाऱ्याला नेमक्या त्याच तीन ओळी हिरव्या रंगात दिसल्या. मोठ्या टूलनं तयार केलेल्या एक्सएमआय फाइलमध्ये तोच बदल बघायला गेलं, तर शेकडो ओळी इकडच्या तिकडे झालेल्या असतात आणि त्यांतली खरी कुठली ते कळत नाही. माझ्यासाठी, प्रोग्रामर म्हणून, इथे निकाल लागल्यासारखाच होता. मी आनंदानं नवं चित्र छापलं आणि काकांकडे घेऊन गेले.

काका म्हणाले, "काटा कुठं गेला?"

वजनकाटा होता. पण आधीच्या चित्रात तो उजवीकडे खाली होता, आता वर डावीकडे गेला होता. प्लँटयूएमएल क्लासच्या चित्रांची मांडणी ग्राफव्हिझ या दुसऱ्या प्रोग्रामकडून करून घेतं. तीन ओळी वाढल्या आणि त्या गणितानं सगळंच चित्र नव्यानं मांडलं. मला त्यात काहीच वाटलं नव्हतं, कारण नाती तीच होती. पण काकांच्या डोक्यात त्या चित्राचा अर्थ जागेत होता. डावीकडे शेत, मधे रस्ता, उजवीकडे कारखाना. कारखान्याच्या दारात काटा. मी पहिलं चित्र हातानं मांडताना नकळत तसंच मांडलं होतं, कारण ऊस तसाच येतो. गणिताला उसाचा रस्ता माहीत नव्हता.

याला नाव आहे, हे मला नंतर कळलं. थॉमस ग्रीन यांनी १९८९ मध्ये चिन्हपद्धती आणि त्यांचे एडिटर तपासायला काही मोजपट्ट्या मांडल्या आणि १९९६ मध्ये मरियन पेट्रे यांच्याबरोबर त्या दृश्य प्रोग्रामिंगच्या टूलना लावून दाखवल्या. त्यांतली एक म्हणजे दुय्यम खुणा. नियमांच्या पुस्तकात ज्यांना अर्थ नाही, पण माणसं ज्यांत अर्थ साठवतात त्या गोष्टी, जागा, जवळीक, रंग, मोकळी सोडलेली ओळ. दुसरी चिकटपणा. एक छोटा बदल करायला किती ठिकाणी हात लावावा लागतो. तिसरी अकाली बांधिलकी. पुरेसं कळायच्या आधीच एडिटर तुम्हाला काही ठरवायला लावतो का. मी हे वाचताना प्रत्येक शब्दापुढे माझं त्या रात्रीचं साडेदहा वाजताचं काम ठेवून पाहत होते. मोठ्या टूलमध्ये मुकादमाच्या चौकोनात ओळ टाकली की ते लगेच प्रकार विचारत होतं. पूर्णांक, अक्षरं, तारीख. मी पूर्णांक निवडला. मला अजून कोयता म्हणजे काय हे ठरवायचं होतं, आणि एडिटरनं एका ड्रॉपडाऊनमध्ये ते ठरवून घेतलं.

म्हणून मी आता एडिटरची तुलना करताना आधी हा प्रश्न विचारते की यात 'अजून माहीत नाही' कसं लिहायचं? कागदावर ते सोपं असतं. नुसतं नाव लिहायचं आणि खाली रिकामं ठेवायचं. वॉर्ड कनिंगहॅम आणि केंट बेक यांनी १९८९ मध्ये सीआरसी कार्डांची पद्धत मांडली. चार बाय सहा इंचांचं एक कार्ड, त्यावर क्लासचं नाव, त्याची कामं, आणि कामासाठी त्याला कोणाकोणाची मदत लागते ते. कार्ड लहान असल्यामुळे एका गोष्टीवर फार ओझं लादता येत नाही. आणि कार्ड हातात घेता येतं. काकांनी पावती उचलली, पेन मागून घेतलं, दोन ओळी आखल्या. याच्या तोडीचं काम एकाही सॉफ्टवेअर एडिटरमध्ये त्यांना करता आलं नसतं, कारण माऊस माझ्या हातात होता.

आता खेपेबद्दल.

माझ्या पहिल्या चित्रात 'गाडी' होती आणि गाडीला 'भरलेलं वजन' आणि 'रिकामं वजन' अशा दोन ओळी. गाडी काट्यावर येते, भरलेली मोजतात, गव्हाणीत ऊस खाली करते, रिकामी होऊन परत काट्यावर येते, पुन्हा मोजतात, वजाबाकी केली की उसाचं वजन. बघायला ठीक. पण तीच गाडी संध्याकाळी पुन्हा येते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावचा ऊस घेऊन येते. गाडीला वजन नसतं, खेपेला असतं. हे मला एक्सेलनं शिकवलं.

एक्सेलला मॉडेलचा एडिटर म्हणायला माझ्या ऑफिसात अनेकांचा विरोध आहे, आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. तिथे नात्यांची तपासणी नाही. कोणी 'खोडवा' लिहितो, कोणी 'खोडवा ' अशी शेवटी मोकळी जागा सोडतो आणि दोन हंगाम तयार होतात. नाव बदललं तर ते बाकीच्या पानांवर आपोआप बदलत नाही. पण एक्सेल कारखान्यात प्रत्येक टेबलावर उघडं असतं. मी एक साधी शीट केली. शब्द, अर्थ, एक खरं उदाहरण, हा शब्द कोण वापरतो. पहिल्या दोन रकान्यांत मी भरलं आणि फाइल काट्यावरच्या कारकुनाकडे पाठवली. त्यानं 'गाडी' शब्दापुढे उदाहरणाच्या रकान्यात एकाखाली एक पाच ओळी भरल्या. गाडीचा नंबर तोच, तारीख, वेळ आणि वजनं वेगळी. आणि पहिल्या रकान्यात, माझ्या 'गाडी' शब्दाच्या जागी, कंसात 'खेप' लिहून ठेवलं. त्याला कुणी चूक दाखवायला सांगितलं नव्हतं. त्याला उदाहरण भरायला सांगितलं होतं, आणि खरं उदाहरण एका ओळीत मावत नव्हतं.

मला वाटतं, मॉडेलच्या कुठल्याही एडिटरमध्ये खऱ्या उदाहरणासाठी जागा असायलाच हवी आणि ती चौकोनाच्या इतकी जवळ हवी की दोन्ही एका नजरेत यावेत. बहुतेक एडिटर क्लास आणि त्याची उदाहरणं यांना निरनिराळ्या चित्रांत टाकतात. यूएमएलमध्ये ऑब्जेक्ट डायग्राम आहे, पण माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत तो काढून बसलेला माणूस मी क्वचितच पाहिला. 'गाडी' या चौकोनासमोर कारकून मान डोलावतो. 'सकाळी सहाची, मग दुपारी दोनची' या दोन ओळींसमोर तो लगेच बोलतो.

हाच बदल मग मी सगळीकडे करून पाहिला. एंटरप्राइझ आर्किटेक्टमध्ये गाडीतून खेप काढायला मला नवा चौकोन, दोन नवी नाती, वजनाच्या दोन ओळी हलवणं आणि तीन चित्रांची मांडणी नीट करणं इतकं करावं लागलं. पण एकदा केल्यावर ते सगळीकडे बरोबर झालं, कुठे काही सुटलं नाही. मजकुरात ते पाच मिनिटांत झालं आणि चित्र पुन्हा हललं. ईकोअरच्या झाडात झालं, पण मला स्वतःलाच ते बघून खात्री पटेना, म्हणून मी शेवटी कागदावर काढून पाहिलं. जेटब्रेन्सच्या एमपीएसमध्येही काही संध्याकाळी घालवल्या. तिथे तुम्ही अक्षरं टाइप करत आहात असं वाटतं, पण खाली मजकूर नसतो, थेट मॉडेलच असतं, आणि तेच मॉडेल एकीकडे वाक्यासारखं आणि दुसरीकडे तक्त्यासारखं दाखवता येतं. तक्ता आणि नाती एकाच जागी ठेवण्याची माझी भूक तिथे भागली असती. पण ते दाखवण्यासाठी आधी भाषाच घडवावी लागते, आणि पहिले काही दिवस कर्सर कुठे थांबेल याचा अंदाज येत नाही. हंगाम पंधरा दिवसांवर आलेला असताना मला तो रस्ता परवडणारा नव्हता. निवांत वेळ असलेल्या टीमनं तो जरूर धरावा.

अल्बेर्तो ब्रँडोलिनी यांनी २०१३ च्या सुमाराला रूढ केलेलं इव्हेंट स्टॉर्मिंगही आम्ही एकदा केलं. घडून गेलेल्या घटना नारिंगी कागदांवर, भूतकाळी क्रियापदात. ऊस तोडला, गाडी भरली, काट्यावर आली, रिकामी झाली, पावती निघाली. भिंतीसमोर उभं राहून सगळे बोलतात आणि क्रम फार छान उलगडतो. ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम नेमका कुठल्या घटनेपासून मोजायचा, हा वाद तिथेच पहिल्यांदा निघाला. नात्यांसाठी मात्र ती भिंत अपुरी पडते.

ऑफिसात मी या सगळ्याची तुलना मांडली तेव्हा एकानं एसयूएस लावायला सुचवलं. जॉन ब्रुक यांची ती दहा वाक्यांची प्रश्नावली, प्रत्येक वाक्याला एक ते पाच गुण, आणि शेवटी शंभरातला एक आकडा. मी ती भरलीही, टीममधल्यांकडून भरूनही घेतली. आमच्या मजकुराच्या एडिटरला सगळ्यांनी भरभरून गुण दिले. मी ते आकडे बघत बसले आणि माझ्या लक्षात आलं की 'मला ही प्रणाली वारंवार वापरायला आवडेल' या पहिल्याच वाक्यातला 'मला' म्हणजे कोण, हे आम्ही विचारलंच नव्हतं. काकांनी, कारकुनानं, चिटबॉयनं हा मजकुराचा एडिटर कधी उघडलेलाच नव्हता. मॉडेल त्यांच्या कामाचं, चुका त्यांनाच दिसणार, आणि आम्ही सोय मोजत होतो ती प्रोग्रामरच्या बोटांची. एडिटर चालवणारा आणि एडिटरमधलं वाचून बोलणारा, दोघंही त्याचे वापरकर्ते आहेत. दुसऱ्याची सोय कुणी मोजत नाही.

पेट्रे यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० व्यावसायिकांशी बोलल्यावर ३५ जण यूएमएल वापरतच नाहीत असं आढळलं होतं. ११ जण निवडक, बोलण्यापुरतं वापरत होते. हे वाचून मला वाईट वाटलं नाही, उलट ते अकरा जण ओळखीचे वाटले. बोलण्यापुरतं काढलेलं चित्र खोडायला कुणाचा हात अडत नाही.

देवनागरीचा प्रश्न वेगळाच आणि माझ्या फार जिव्हाळ्याचा. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा ही उसाच्या हंगामांची नावं इंग्रजीत भाषांतर केली की त्यांतली लागणीची वेळ निघून जाते. आडसाली जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, हे त्या शब्दातच असतं. जावा आणि पायथन ३ देवनागरी नावं स्वीकारतात, म्हणजे 'खोडवा' नावाचा क्लास खराच लिहिता येतो. एडिटर मात्र जागोजागी अडतात. मर्मेडमध्ये मी क्लासचं नाव थेट देवनागरीत लिहिलं तेव्हा ते कानामात्रेवर अडखळलं. आत रोमन नाव ठेवून बाहेर अवतरणात देवनागरी लेबल द्यावं लागलं, म्हणजे पुन्हा दोन भाषा आणि मधे एक दुभाषी. एका चित्राच्या छपाईत रफार शेजारच्या अक्षरावर गेला होता आणि 'पूर्वहंगामी' वाचताना काकांनी चष्मा पुसला. त्यांना वाटलं, दोष चष्म्याचा आहे. अशा वेळी माणूस स्वतःलाच दोष देतो, आणि त्या गडबडीत पुढची खरी चूक त्याच्या नजरेतून निसटते.

सध्या माझं काम असं चालतं. मूळ मॉडेल मजकुरात, गिटमध्ये. त्यातून एक छोटी स्क्रिप्ट शब्दांची एक्सेल शीट काढते आणि उदाहरणांचा रकाना रिकामा ठेवते. शीट कारखान्यात जाते, भरून येते. भेटायला जाते तेव्हा चित्र छापून नेत नाही. पाठकोरे कागद आणि जाड पेन नेते, आणि पेन टेबलाच्या पलीकडे ठेवते. काकांसाठी एक चित्र मात्र मी हातानं मांडलेलं आहे, डावीकडे शेत आणि उजवीकडे काटा. मजकूर बदलला की ते मी स्वतः बसून दुरुस्त करते. ते काम किचकट आहे, दर वेळी अर्धा-पाऊण तास जातो, आणि त्याला पर्याय मला सापडलेला नाही. चौकोनांच्या जागा धरून ठेवणारा आणि तरीही मजकुरात राहणारा एडिटर कुणी केला तर मी त्याची पहिली गिऱ्हाईक असेन.

कोयता आता वेगळी गोष्ट आहे. त्यात दोन कामगार, दुसरा ऐच्छिक, म्हणजे अर्धा कोयताही बसतो. उचल कोयत्याला जोडलेली आहे, आणि हिशेब जुळला. कामगाराला नाव, गाव, वय. हंगाम सुरू झाला तेव्हा चिटबॉयनं भरलेल्या पहिल्या दिवसाच्या नोंदी मी उघडून पाहिल्या. पहिल्या ओळीत नाव, आडनाव, गाव. दुसऱ्या ओळीत, नावाच्या रकान्यात, जवळजवळ सगळीकडे 'पत्नी' एवढंच लिहिलेलं.

मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "पोरं विचारत न्हाईत मॅडम, सवय न्हाई." मी म्हटलं, मग प्रोग्रामनं विचारलं तर? ते जरा वेळ गप्प राहिले. "विचारू दे की."

मी फाइल उघडली. नावाच्या रकान्यात 'पत्नी' चालणार नाही, असा नियम कामगारात घातला. बदल एका ओळीचा होता. त्याच संध्याकाळी तो कारखान्यावर गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पहिली नोंद आली. सुमन.